‘सुमार’ म्हणजे नेमकं किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितं तपासण्याच्या कामामुळे ओळखीचे लोक शब्दांच्या शंका माझ्याकडे पाठवत असतात. त्यांत सगळ्यात जास्त शंका ‘सुमार’ या तीन अक्षरांबद्दल येतात. कुणाला अर्थ हवा असतो, कुणाला व्युत्पत्ती. काही जणांना आपल्याला कुणी ‘सुमार’ म्हटल्याचं लागलेलं असतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ‘सुमार’ म्हणजे काय? थोडक्यात सांगा.

विशेषण म्हणून वापरला तर: ज्यात मुद्दाम नाव घ्यावं असं काही नाही, असा. मध्यम, आणि बोलणाऱ्याच्या सुरात मध्यमाच्याही जरा खालचा. सुमार नाटक म्हणजे मध्यंतरात चहा पिताना ज्याच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही आणि गप्पा पार्किंगवर वळतात, ते.

नाम म्हणून त्याचे अर्थ वेगळे आहेत: मोजदाद, अंदाज, मर्यादा. ‘खर्चाला काही सुमार?’ यातला ‘सुमार’ हा नाम आहे. दोन्ही मिळून शब्द एकच, आणि तो एका अर्थावरून दुसऱ्यावर कसा आला ते प्र. ४ मध्ये.

२. सुरुवातीला ‘सु’ आहे, म्हणजे शब्द संस्कृत असणार ना?

नाही. हा ‘सुगंध’, ‘सुवाच्य’मधला ‘सु’ नव्हे. तो असता तर शब्द कौतुकाचा झाला असता. ‘सुमार’ फारसीतून आला. फारसीत ‘शुमार’ म्हणजे मोजणी, गणती, आणि ‘शुमुर्दन’ म्हणजे मोजणे. आजच्या इराणमध्येही फोन नंबर विचारताना ‘शुमारे’ हाच शब्द वापरतात, तिथे त्याचा अर्थ ‘क्रमांक’.

मराठीत येताना सुरुवातीच्या ‘श’चा ‘स’ झाला. हे काही या एकाच शब्दाचं झालेलं नाही. ‘शर्बत’चं सरबत झालं, ‘शहनाई’ची सनई झाली. बहामनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं, आणि तिथपासून निजामशाही, आदिलशाहीपर्यंत दख्खनचा दरबारी आणि महसुली कारभार मोठ्या प्रमाणावर फारसीत चालला. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल हे शब्द मुळात अरबी, पण आपल्याकडे आले ते फारसीच्या हातून. ‘सुमार’ त्याच चौकटीतला, फक्त जन्माने फारसी. गावच्या कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेल्या कागदांतून असे शब्द आपल्या ओसरीवर आले आणि तिथेच राहिले.

३. म्हणजे ‘स्मरण’ आणि ‘सुमार’ एकाच मुळातले हे मी ऐकलं ते खोटं?

ते खरं आहे, आणि मला या शब्दाची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

फारसी आणि संस्कृत या एकाच मोठ्या घराण्यातल्या भाषा. संस्कृतात ‘स्मृ’ म्हणजे आठवणे. त्याच मुळापासून इराणी भाषांत जो धातू झाला त्याला ‘ध्यानात ठेवणे’ आणि ‘मोजणे’ असे दोन्ही अर्थ आले. संस्कृतचा ‘स’ इराणीत पुष्कळदा ‘ह’ होतो: सप्त आणि हफ्त, सिंधू आणि हिंदू. आपण घराचा किंवा गाडीचा ‘हप्ता’ भरतो आणि देवळात ‘सप्ताह’ बसवतो, ते दोन शब्द असेच भाऊ आहेत. काही ठिकाणी मात्र आधी आलेल्या स्वरामुळे तिथे ‘ह’ऐवजी ‘श’ येतो, आणि तोच ‘शुमार’मध्ये राहिला. फारसीत संख्याशास्त्राला ‘आमार’ म्हणतात, तोही याच कुळातला.

मोजणं आणि आठवणं यांचं नातं समजायला शाळेत जायला नको. आजी जपमाळ ओढते तेव्हा ती नाम आठवते आहे की मोजते आहे? दोन्ही. गुराखी संध्याकाळी गुरं मोजतो तेव्हा आकड्यापेक्षा कोण राहिलं हे त्याला आठवायचं असतं.

तेव्हा शब्द संस्कृत नाही (प्र. २), पण संस्कृत शब्दाचा चुलतभाऊ आहे. परक्या वाटेने घरी आलेला नातेवाईक म्हणा.

४. मोजणीच्या शब्दाला ‘दर्जाने बेताचा’ हा अर्थ कसा काय आला?

एका उडीत आला नाही. पायऱ्या लावून दाखवतो.

पहिली पायरी मोजणी. हा अर्थ आज एकट्या ‘सुमार’मध्ये फारसा उरलेला नाही, पण ‘खानेसुमारी’त टिकून आहे (प्र. ५).

दुसरी पायरी अंदाज. प्रत्येक वेळी एक एक मोजणं शक्य नसतं. पोत्यात शेंगा किती, जत्रेला माणसं किती, हे नजरेनं ठरवायचं. ‘सुमारानं घे’ म्हणजे अंदाजानं घे. यातूनच ‘सुमारे’ आणि ‘च्या सुमारास’ निघाले.

तिसरी पायरी मर्यादा. जे मोजता येतं त्याला हद्द असते. म्हणून ‘सुमार नाही’ म्हणजे हद्द नाही. माझी आजी आमटीची पहिली वाटी तोंडाला लावायची, क्षणभर थांबायची, आणि आईकडे न बघता म्हणायची, “मिठाला काही सुमार?” तिला मीठ किती चमचे पडलं ते विचारायचं नसायचं. प्रमाण सुटलं, एवढंच सांगायचं असायचं.

चौथ्या पायरीवर ‘प्रमाणात असलेला’ म्हणजे ‘मध्यम’. हद्दीत आहे, फार नाही, कमीही नाही. इथपर्यंत शब्दात निंदा नाही.

पाचवी पायरी आजची. फार नाही म्हणजे विशेष नाही, आणि विशेष नाही म्हणजे कमीच. ‘सुमार दर्जाचं काम’, ‘सुमार बुद्धीचा’ अशा जोड्यांत शब्द सारखा वापरला गेला आणि त्याला खालचा सूर चिकटला. आता ‘दर्जाचं’ हा शब्द काढून नुसतं ‘सुमार काम’ म्हटलं तरी सूर तोच राहतो.

एक लक्षात घ्या, वरची पायरी चढताना खालची मोडली नाही. ‘सुमारे शंभर सुमार कविता वाचल्यावर माझ्या वैतागाला सुमार राहिला नाही’ या वाक्यात दुसरी, पाचवी आणि तिसरी पायरी एकत्र नांदते, आणि मराठी माणूस कुठेही अडखळत नाही.

५. खानेसुमारीतला ‘सुमार’ हाच का?

हाच. ‘खाना’ म्हणजे घर (दवाखाना, कारखाना आठवा), आणि ‘शुमारी’ म्हणजे मोजणी. घरांची मोजणी ती खानेसुमारी. पेशवाईतल्या मोडी कागदांत गावातल्या घरांच्या आणि घरच्या माणसांच्या अशा याद्या सापडतात. इंग्रजी अमदानीत १८७२ मध्ये पहिली मोठी जनगणना झाली आणि १८८१ पासून ती दर १० वर्षांनी होऊ लागली, तेव्हा मराठीत तिलाही ‘खानेसुमारी’ हेच नाव लागलं. पुढे ‘शिरगणती’ आणि ‘जनगणना’ आले.

मोजणी हा मूळ अर्थ कुणाला पटवायचा असेल तर हा एक शब्द पुरे. खानेसुमारी म्हणजे बेताच्या दर्जाची घरं, असं कुणालाही वाटत नाही.

६. ‘सुमारे’ कुठे वापरायचं आणि कुठे नाही? बातम्यांत ते सगळीकडे दिसतं.

हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सुमारे’ हे ‘सुमार’ला जुना ‘ए’ प्रत्यय लागून झालेलं क्रियाविशेषण आहे, ‘अंदाजे’ आणि ‘अदमासे’ जसे झाले तसंच. ते आकड्याच्या आधी येतं: सुमारे ५०० लोक, सुमारे दोन तास. चुका बहुधा तीन प्रकारच्या होतात.

पहिली, नेमक्या आकड्यापुढे ‘सुमारे’. ‘सुमारे १,२१७ प्रेक्षक हजर होते’ असं वाक्य एका मुद्रितात माझ्यासमोर आलं होतं. ज्याने १,२१७ मोजले त्याने ‘सुमारे’ लिहायचं नाही, आणि ज्याला अंदाजच द्यायचा आहे त्याने ‘सुमारे १,२००’ लिहायचं. मी समासात दोन्ही पर्याय लिहून पाठवले. छापून आलं ते पुन्हा तसंच.

दुसरी, अंदाजाचे दोन शब्द एका आकड्याला. ‘सुमारे ५०० च्या आसपास’, ‘सुमारे १० ते १२’, ‘सुमारे शंभरेक’. ‘आसपास’, ‘ते’ आणि ‘एक’ यांनी अंदाज सांगून झालेला आहे. एक ठेवा, दुसरा काढा.

तिसरी, शब्द जागेवरून हलणं. ‘सुमारे राज्यातील ४० गावं’ यात ‘सुमारे’ राज्याला लागतो. ‘राज्यातील सुमारे ४० गावं’ हे बरोबर.

७. आणि ‘सुमारास’?

तो वेळेसाठी. ‘चारच्या सुमारास’, ‘दिवाळीच्या सुमारास’, ‘१९६० च्या सुमारास’. काळाच्या बाबतीत ‘सुमारे चार वाजता’ हेही चालतं, पण ‘सुमारे दिवाळीला’ चालत नाही, कारण ‘सुमारे’ला आकडा लागतो. ‘सुमारे चारच्या सुमारास’ ही मात्र वर सांगितलेली दुसरी चूकच.

८. ‘सुमार’ म्हणजे साधारण, तर ‘बेसुमार’ म्हणजे असाधारण का नाही?

कारण ‘बे’ हा उपसर्ग तिसऱ्या पायरीवरच्या ‘सुमार’ला लागला आहे (प्र. ४). बेसुमार म्हणजे ज्याची मोजदाद नाही, ज्याला हद्द नाही. दर्जाशी त्याचा संबंध नाही. म्हणून सुमार आणि बेसुमार ही विरुद्धार्थी जोडी होत नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत तशी जोडी दिसली तर ती चूक समजा.

मराठीने ‘बेसुमार’लाही आपला रंग दिला. उर्दूत ‘बेशुमार’ दौलत असते, दुवा असतात, तारे असतात. मराठीत वृक्षतोड बेसुमार होते, पाण्याचा उपसा बेसुमार होतो, वाळूउपसा आणि फीवाढही तशीच. आईचं प्रेम ‘बेसुमार’ आहे असं मराठीत कुणी म्हणत नाही. आपल्या कानाला त्यात आवर नसल्याची तक्रार ऐकू येते.

९. ‘सुमार’ आणि ‘सरासरी’ यांत फरक काय? दोन्ही ‘ॲव्हरेज’च ना?

फरक मोठा आहे आणि तो न पाळल्यामुळे माणसं दुखावली जातात.

‘सरासरी’ हे गणित आहे. फारसीत ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं एकत्र धरून मग एक आकडा काढायचा, तो सरासरी. त्या आकड्यात चांगलं-वाईट काही नसतं. डॉन ब्रॅडमन यांची कसोटी क्रिकेटमधली सरासरी ९९.९४ आहे, आणि क्रिकेटच्या इतिहासात तिच्या जवळपासही कुणी गेलेलं नाही. सरासरी होती म्हणून ते ‘सरासरी फलंदाज’ झाले नाहीत. (शाळेच्या गणितात आता मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन वेगळे शब्द आहेत. बोलताना आपण ज्याला सरासरी म्हणतो तो बहुधा ‘मध्य’ असतो.)

‘सुमार’ हा अभिप्राय आहे. तो देणारा कुणीतरी असतो.

माझ्या नात्यातल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकाचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना ‘ॲव्हरेज’चं ‘सुमार’ झालं होतं. ‘गणित: सुमार. चित्रकला: सुमार.’ मुलगा तेव्हा पाचवीत होता. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, कोशात बघून पहिला शब्द उचलला गेला असावा. पण त्या पोराने चित्रकलेची वही कपाटाच्या मागे टाकून दिली. वही मी काढली तेव्हा तिच्यावर धुळीचा थर होता आणि शेवटच्या पानावर अर्धवट रंगवलेली एक होडी होती. तिथे ‘साधारण’ किंवा ‘मध्यम’ हवं होतं. मुलांच्या कागदांवर ‘सुमार’ कधीच लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

१०. मग साधारण, सामान्य, मध्यम, मामुली यांतलं कधी काय वापरायचं?

‘मध्यम’ सगळ्यात तटस्थ: मध्यम उंची, मध्यम आच, मध्यमवर्ग. ‘साधारण’ बोलण्यातला, थोडा सैल. शिवाय तो ‘सुमारे’चंही काम करतो, ‘साधारण दहा माणसं’. ‘सामान्य’मध्ये मान असू शकतो: ‘सर्वसामान्य माणूस’ म्हणताना कुणी नाक मुरडत नाही. पण ‘अगदीच सामान्य’ म्हटलं की तो शब्द सुमारच्या शेजारी जाऊन बसतो.

‘मामुली’ची गोष्ट सुमारच्या गोष्टीशी मिळतीजुळती आहे. अरबी ‘अमल’ म्हणजे आचरण, त्यावरून ‘मामूल’ म्हणजे वहिवाटीचं. त्याच ‘अमल’पासून आपली अंमलबजावणी आली. मराठेशाहीतल्या कागदांत ‘मामूलप्रमाणे’ म्हणजे रिवाजाप्रमाणे, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. जे रोजचं ते किरकोळ, असं पुढे वाटायला लागलं आणि ‘मामुली जखम’, ‘मामुली रक्कम’ आली.

‘बेताचा’ हा शब्द मला विशेष प्रिय आहे, कारण तो दया न दाखवता खरं सांगतो. ‘घरची परिस्थिती बेताची’ या तीन शब्दांत मराठीने जितकी चरित्रं सुरू केली आहेत तितकी दुसऱ्या कुठल्या वाक्याने केली नसतील. तिथे ‘परिस्थिती सुमार’ म्हणून बघा, लगेच अपमान होतो.

११. ‘यथातथा’ आणि ‘जेमतेम’ हेही सुमारच का?

अर्थाने जवळ आहेत, कुळाने अगदी वेगळे. आणि त्या दोघांचं आपसातलं नातं बघण्यासारखं आहे.

संस्कृतात यथा म्हणजे जसं, तथा म्हणजे तसं. यथा-तथा म्हणजे कसंही, जमेल तसं. प्राकृत-अपभ्रंशात त्याच जोडीचं रूप जेम-तेम झालं. गुजरातीत आजही ‘जेम’ आणि ‘तेम’ हे जसं आणि तसं म्हणून रोज बोलले जातात. मराठीत मात्र सुटे जेम-तेम राहिले नाहीत, जोडी तेवढी राहिली. आणि आपली आजची जोडी ‘जसंतसं’. म्हणजे यथातथा, जेमतेम, जसंतसं हे एकाच साच्याच्या तीन पिढ्यांतले ठसे आहेत, आणि मराठीत तिन्ही एकाच वेळी चलनात आहेत.

वाटे मात्र भाषेने नीट घालून दिले आहेत. यथातथा दर्जासाठी: ‘जेवण यथातथाच होतं.’ जेमतेम प्रमाणासाठी: ‘जेमतेम पास झाला’, ‘पगार जेमतेम पुरतो.’ जसंतसं धडपडीसाठी: ‘जसंतसं घर गाठलं.’ सुमार यांच्यापैकी फक्त पहिल्याच्या जागी बसतो.

सावध राहायची एक जागा: ‘यथातथ्य’ हा निराळा शब्द आहे. यथातथ्य वर्णन म्हणजे जसं आहे तसं, तंतोतंत वर्णन. ‘आपण केलेलं वर्णन यथातथा आहे’ असं एखाद्याला कौतुकाने लिहून पाठवलंत, तर तो पुन्हा तुम्हाला लेख पाठवणार नाही.

१२. मध्यमाला ‘अत्यंत’ कसं लागेल? ‘अत्यंत सुमार’ हे चूक नाही का?

तर्काने बघितलं तर चूक, वापराने बघितलं तर बरोबर. ‘अत्यंत सरासरी’ किंवा ‘अत्यंत मध्यम’ कुणी म्हणत नाही, पण ‘अत्यंत सुमार’, ‘अगदीच सुमार’ सर्रास म्हणतात आणि ऐकणाऱ्याला खटकत नाही. शब्द मधल्या खुणेवरून खाली सरकल्याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. खाली जायला जागा असते, म्हणून ‘अत्यंत’ लागतं.

तरी तळाला तो पोचलेला नाही. त्याच्या खाली टुकार आहे, भिकार आहे. सुमार पुस्तक लोक अर्धं वाचून ठेवतात, टुकार पुस्तकाबद्दल दुसऱ्याला फोन करून सांगतात.

१३. मी इंदूरची. हिंदीत ‘उनका शुमार बड़े लेखकों में होता है’ म्हणजे स्तुती. मराठीत शब्द उलटा कसा झाला?

उलटा झाला नाही, दोन भाषांनी एकाच झाडाच्या दोन फांद्या धरल्या. हिंदी-उर्दूने मोजणीचा अर्थ पुढे नेला: अमुक माणसांत ज्याची गणना होते तो. मराठीने मर्यादेचा अर्थ पुढे नेला (प्र. ४). आपल्याकडे त्या जागी ‘गणना’ आहे: ‘त्यांची गणना मोठ्या लेखकांत होते.’

दोन्ही भाषा घरात असतील तर एवढं जपा, की हिंदी वाक्य मराठीत आणताना ‘त्यांचा सुमार मोठ्या लेखकांत होतो’ असं करू नका. व्याकरण कदाचित सांभाळलं जाईल, लेखकाची इज्जत जाईल.

१४. चेन्नईत राहतो. तमिळमध्ये ‘सुमार’ ऐकून दचकलो. तोच शब्द का?

तोच. आणि दोन्ही अर्थांनी तोच. तमिळमध्ये ‘सुमार’ म्हणजे अंदाजे, आणि सिनेमा कसा वाटला यावर ‘सुमार’ म्हणजे ठीकठाक. कन्नडमध्ये आणि तेलुगूत ‘सुमारु’ म्हणजे अंदाजे. गुजरातीतही ‘ना सुमारे’ आपल्या ‘च्या सुमारास’सारखंच चालतं.

दक्षिणेत शब्द जायला वाटा बऱ्याच होत्या. विजापूर आणि गोवळकोंड्याचा अंमल कर्नाटकात आणि आंध्रात होता, आर्काटच्या नबाबांचं दप्तर फारसीत चालायचं, आणि तंजावरला १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं, तिथल्या दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. कारभाराचे शब्द कारकुनांबरोबर प्रवास करतात, आणि कारकून सगळीकडेच होते.

तमिळमधला ‘सुमार’ मात्र आपल्याएवढा बोचरा नाही. तिथे तो चौथ्या पायरीच्या आसपास आहे. तेव्हा तुमच्या हातच्या पोह्यांना शेजारच्यांनी ‘सुमार’ म्हटलं तर मराठीतून रागावू नका.

१५. ‘सुमार’ हा इंग्रजी ‘मीडिऑकर’चा मराठी प्रतिशब्द म्हणून बनवला का?

नाही. तो बनवलेला नाही, शतकानुशतकं वापरून झिजलेला आहे. पण दोघांची चाल सारखी आहे. ‘मीडिऑकर’ हा लॅटिन ‘मेदिओक्रिस’पासून आला. ‘मेदिउस’ म्हणजे मधला आणि ‘ओक्रिस’ म्हणजे खडकाळ डोंगर. डोंगराच्या निम्म्यावर असलेला, तो मेदिओक्रिस. सिंहगड चढताना अर्ध्या वाटेत ताक प्यायला जिथे थांबतो ती जागा डोळ्यांसमोर आणा. ती काही वाईट जागा नाही.

रोमन कवी होरेस तर ‘सोनेरी मध्यममार्ग’ म्हणून त्याच शब्दाची थोरवी गातो. पुढे तो शब्दही घसरला. एक शब्द डोंगरावरून निघाला, एक मोजणीच्या कागदावरून, आणि दोघे एकाच ओट्यावर येऊन बसले.

१६. माणसाला ‘सुमार’ म्हणावं का?

कामाला म्हणा, माणसाला म्हणू नका, असं मी सांगत आलो आहे. ‘हा लेख सुमार आहे’ यावर लेखक दुसरा लेख लिहू शकतो. ‘हा लेखक सुमार आहे’ यावर त्याने काय करायचं? शब्दाचा जन्म मोजण्यात आहे, आणि मोजायला समोर काहीतरी ठेवलेलं लागतं. काम समोर असतं. पूर्ण माणूस समोर ठेवून मोजणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

मुलांबाबत प्र. ९ मध्ये लिहिलंच आहे.

१७. फारसी शब्द आहे, तर टाळून दुसरा वापरावा का?

हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन स्वतः फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि पुढे भाषाशुद्धीचीही बाजू घेतली. इतक्या जवळून ज्यांनी फारसी बघितली त्यांचं मत मी हलकं मानत नाही.

तरी ‘सुमार’ काढून टाकायला माझं मन होत नाही. ‘सुमारे’च्या जागी ‘अंदाजे’ घ्याल, तर तोही फारसी. ‘सरासरी’ घ्याल, तोही फारसी. आणि ‘मिठाला काही सुमार?’ याच्या जागी काय घ्याल? ‘लवणाच्या प्रमाणास मर्यादा’ म्हणेपर्यंत आमटी थंड होईल.

१८. शुद्धलेखन?

सु पहिला, ऱ्हस्व. ‘सूमार’ चूक. विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: सुमार लेख, सुमार कविता, सुमार पुस्तकं. भाववाचक नाम ‘सुमारपणा’.

१९. ‘त्यांच्या कामाला सुमार नाही’ असं निरोपाच्या भाषणात कुणी म्हणालं. ही स्तुती की टोमणा?

स्तुती, आणि जुन्या वळणाची चांगली स्तुती. सगळा खेळ ‘ला’ या प्रत्ययात आहे. ‘कामाला सुमार नाही’ यात सुमार हे नाम आहे, म्हणजे काम अमाप आहे. ‘काम सुमार नाही’ यात सुमार विशेषण आहे, म्हणजे काम बेताचं नाही, बरं आहे. पहिल्या वाक्यात प्रमाण आलं, दुसऱ्यात दर्जा. ‘ला’ गाळला की अमाप कौतुकाचं सावध शिफारसपत्र होतं.

अशीच एक जोडी वाचकांना फसवते: ‘सुमार लोक आले होते’ आणि ‘लोक बेसुमार आले होते’. पहिल्यात माणसांचा दर्जा काढला, दुसऱ्यात गर्दी सांगितली. म्हणून भाषण लिहून देताना मी हा शब्द आला की वाक्य एकदा मोठ्याने वाचून बघतो. निरोपाच्या त्या भाषणात वक्त्याने ‘ला’ नीट उच्चारला होता का, एवढंच मला त्या पत्रलेखकाला विचारायचं आहे.